हापशीच्या गाण्याची चाल

देवळीच्या लोककला महोत्सवात स्टेजवर काय होणार ते पत्रिकेत छापलेलं असतं. मंडपाच्या मागे, चिंचेखाली, दुपारी जे होतं ते कुठेच छापलेलं नसतं. जेवणाची पंगत उठली की ज्यांचा कार्यक्रम झाला आहे ते आणि ज्यांचा संध्याकाळी व्हायचा आहे ते, असे सगळे एक सतरंजी ओढून तिथे गोल बसतात. एक खंजिरी उजव्या हाताने फिरत राहते. ती ज्याच्याकडे आली त्याने गायचं. बाकीच्यांनी झेलायचं, म्हणजे त्याची ओळ उचलून पुन्हा म्हणायची. आणि ज्याला गायचं नसेल त्याने खंजिरी पुढे द्यायची, उठायचं आणि सगळ्यांसाठी चहा आणायचा.

महोत्सव तीन दिवसांचा. पहिले दोन दिवस चहा मीच आणला.

मला एका गाण्याची चाल हवी होती. गाणं माझ्या बाबांनी केलेलं. बाबांचं नाव तानबा. ते पंचायत समितीकडे हापशा, म्हणजे हातपंप, दुरुस्त करणारे मिस्त्री होते, सायकलला पाने-पकडीची पिशवी अडकवून जिल्हाभर फिरायचे. मी चालायला लागले त्या वर्षी ते काविळीने गेले. त्यांचा एक फोटो आहे, ती पिशवी आहे, पण आवाज कुठेच नाही. हापशी दुरुस्त झाली की पाणी वर येईपर्यंत ते एक गाणं म्हणायचे, एवढं आई सांगते. गाण्याचे बोल तिला पाठ आहेत आणि त्यामुळे मलाही आहेत. पण आई आरती आणि पाळणा एकाच चालीत म्हणते. हे गाणंही ती त्याच चालीत म्हणते. शिवाय शेवटची ओळ तिला माहीत नाही. 'तानबा म्हणे बायांनो, नका करू घाई' इथे ती थांबते. त्याच्या पुढची ओळ बाबा घरी म्हणतच नसत. ते हापशीवरच म्हणायचं असतं, म्हणायचे.

माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. वर्ध्याच्या एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला शिकवते. क्लासमधून तीन दिवसांची सुट्टी काढून मी वर्ध्याला लागूनच्या नालवाडीहून रोज देवळीला येत होते. हिशोब साधा होता. जिल्ह्यातली एवढी गाणारी माणसं पुन्हा वर्षभर एका जागी बसणार नव्हती.

पहिल्या दिवशी मी सरळ विचारलं. खंजिरी तेव्हा रूपरावजींकडे होती. ते देवळीजवळच्याच एका खेड्यातल्या भजनी मंडळाचे मुख्य. आवाज जाड, मिशा त्याहून जाड.

"तानबा मिस्त्रींचं हापशीचं गाणं कोणाला येतं का जी?"

"ऐकलं असन बा," रूपरावजी म्हणाले. "हापशीचं म्हणतं?"

मी बोल म्हणून दाखवले. म्हणजे वाचून दाखवावेत तसे सांगितले.

"बोल म्हणजे नुसते खुंटीवरचे कपडे, पोरी. कपडे पाहून माणूस कसा ओळखू? चाल म्हण."

"चालच तर पाहिजे मला."

"मंग तू फर्माईश करून राह्यली. फर्माईश रेडिओवर कर. इथं गाणं देल्याशिवाय गाणं भेटत नाई. जाय, चहा आण."

सगळे हसले. त्यांच्या मंडळाचा ढोलकवाला आदेश जास्तच हसला. त्या क्षणापासून माझं नाव चायवाली मॅडम पडलं.

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. गोलात न विचारता एकेकट्याला गाठलं. गिरडच्या भैयाजींना पंगतीत विचारलं. ते दर्ग्याच्या टेकडीखाली राहणारे, तिथल्या उरुसात कव्वालांच्या मागे बसून टाळ्या देत देत गाणं शिकलेले. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "कुठंतरी आहे डोक्यात. पण तू विचारलं का ते आणखी आत पळते."

माझ्या लक्षात एक गोष्ट आली. या लोकांना शब्दांवरून गाणं आठवत नाही. दुसऱ्याने नुसती गुणगुण केली तरी ते अख्खं गाणं बाहेर काढतात, पण चार ओळी सांगा, तोंडाकडे पाहत राहतात. म्हणजे माझ्याकडे जे होतं त्याचा उपयोग नव्हता, आणि ज्याचा उपयोग होता तेच मी मागत होते. गाऊन दाखवणं हा एक उपाय होता. पण मला आईचीच चाल येत होती, आणि ती चाल या माणसांपुढे म्हणायची मला लाज वाटत होती. मी चहा आणत राहिले.

तिसरा दिवस शेवटचा. चार वाजता भैयाजींची जीप गिरडला निघणार होती. सकाळी ज्यांचा नाच झाला होता त्या कोलाम आदिवासी बायाही सामान बांधून बसल्या होत्या. त्या गोलाच्या जरा बाहेर, चिंचेच्या बुंध्याशी बसत. उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत, आपसात आपल्या बोलीत बोलत, आणि खंजिरी जवळ आली की हाताने पुढे जा म्हणत. त्यांच्यातल्या मोठ्या बाई शकुबाई. त्यांना चहा मात्र दोन वेळा लागायचा.

खंजिरी माझ्याकडे आली. मी ती पुढे देऊन उठणार, तेवढ्यात स्वयंपाक्याने भरलेली किटलीच पाठवून दिली. शेवटचा दिवस, दूध उरलं होतं.

"घ्या मॅडम," आदेश म्हणाला. "आज किटली आपल्या पायानं आली. आता कुठं पळता?"

"म्हण व पोरी," रूपरावजी म्हणाले. "एवढा चहा पाजला तुनं. तुह्यं बेसूर बी गोड लागन."

मी सतरंजीच्या एका गाठीकडे पाहत सुरुवात केली.

ये गा पाण्या, ये गा वर
घागर वाट पाहे, ये गा वर.

कोणी झेललं नाही. झेलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मी पुढे गेले.

खाली काळा दगड, वरती काळी माय
मधात तू दडला, कोणाले भ्याला काय?

"पोरी," भैयाजी म्हणाले, "हे गाणं आहे का बे एक बे?"

हशा झाला. माझे कान तापले. मी खंजिरी खाली ठेवायला वाकले आणि भैयाजींनी ती माझ्या हातातून ओढून घेतली.

"थांब, थांब. असं नाई हे. 'ये गा पाण्या' ना? असं नाईच आहे ते!" त्यांच्या चेहऱ्यावर दुखऱ्या दाताला पाणी लागावं तसा भाव होता. "ऐक."

आणि त्यांनी ते गायलं. दुडक्या चालीत, प्रत्येक 'वर'वर खंजिरीची थाप, शब्द एकमेकांच्या पाठीवर चढत होते. दुसऱ्या ओळीला आदेशचा ढोलक लागला. तिसऱ्या ओळीला सगळे झेलत होते. मी झेलायचं विसरले. दोन दिवस विचारून जे मिळालं नव्हतं ते एकदा चुकीचं म्हटल्याबरोबर मिळालं होतं.

गाणं 'नका करू घाई'वर आलं आणि भैयाजी थांबले. "पुढचं नाई येत मले."

"पुढचं सोडा," रूपरावजी म्हणाले. "तुमी तर पाण्याची वरात काढली भैयाजी! नवरदेव घोड्यावरून पडन अशानं. आता मलेही याद आलं. ते असं आहे."

त्यांनी खंजिरी घेतली नाही. डोळे मिटून, प्रत्येक ओळ ओढत, जणू खोलातून काहीतरी वर खेचावं तसं ते गायला लागले. सूर तेच होते, हे मला नीट कळलं. पण भैयाजींचं एक कडवं जेवढ्यात होत होतं तेवढ्यात रूपरावजींची एक ओळ व्हायची. 'घाई'पाशी येऊन तेही अडले.

"हे भजन झालं," भैयाजी म्हणाले. "मिस्त्री काय मंदिरात बसून पाने फिरवत होता?"

"मी त्याच्या तोंडून ऐकलं हे. आमच्या गावच्या हापशीवर."

"मंग मी काय त्याच्या भुताच्या तोंडून ऐकलं? मी स्वतः दांडा मारला त्याच्यासंगं!"

एकाच गोष्टीची दोन मापं जुळली नाहीत तर एक तरी चुकलेलं असतं, असं मी मुलांना शिकवते. मी दोघांनाही विचारलं, नक्की का? पक्कं त्यांच्याच तोंडून?

"तू काऊन एवढी खोदून विचारते?" रूपरावजी म्हणाले. "तू कोण त्याची?"

"पोरगी."

ढोलकावर आदेशची बोटं उगाच चालू होती, ती थांबली.

"तानबाची पोरगी?" भैयाजी म्हणाले. "मंग पहिल्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं तर मला बरं वाटावं म्हणून तुम्ही काहीही सांगितलं असतं. मला खरी चाल पाहिजे होती."

भैयाजींनी रूपरावजींकडे पाहिलं. "ऐकलं? परीक्षा घेऊन राह्यली हे आपली. अन् आपण पेपर कोरा देला."

"अन् वरून तिच्याच हातचा चहा पेलो," रूपरावजी म्हणाले. त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

तेव्हा शकुबाई बुंध्याशी उठून उभ्या राहिल्या. ओच्यातली टरफलं त्यांनी झटकली.

"बसून कायले भांडता?" त्या म्हणाल्या. "हापशी काय बसून चालते?"

"तुमाले येते का माय हे गाणं?" भैयाजींनी विचारलं.

"या पोट्टीनं म्हटलं तवाच वळखलं मी. सूर गेला वाऱ्यावर, पण दम बरोबर जागी घेते हे. दांडा खाली गेला का दम. कोणं शिकवलं तुले?"

"आईनं."

"तिनं मारला असन दांडा त्याच्यासंगं," शकुबाई म्हणाल्या आणि मैदानाच्या कोपऱ्याकडे चालायला लागल्या. तिथे एक जुनी हापशी आहे. तिचा खालचा व्हॉल्व्ह गळतो, पाइपातलं पाणी रात्रभरात उतरून जातं. सकाळी पाणी काढायचं तर कितीतरी वेळ कोरडाच दांडा मारावा लागतो, म्हणून स्वयंपाक्यांनी टँकर बोलावला होता. तीन दिवसांत तिला कोणी हात लावला नव्हता.

अख्खा गोल उठून तिच्यामागे निघाला. ढोलक गळ्यात अडकवून आदेश, खंजिरी घेऊन भैयाजी, आणि "काय दिवस आले" म्हणत रूपरावजी. शकुबाईंनी दांडा माझ्या हातात दिला.

"तू मार. अन् भैयाजी, तुमी म्हणा. तुमची वरात."

दांडा हलका होता. पाइपात नुसती हवा, खाली-वर जायला काहीच लागत नव्हतं. हात आपोआप भराभर चालायला लागले आणि भैयाजींची दुडकी चाल त्याच्यावर अशी बसली की मला हसू आलं. दांडा खाली, 'वर'. दांडा खाली, 'वर'. आणि त्याच ठिकाणी माझा श्वास. आई भांडी घासताना हे गाणं म्हणते तेव्हा तीही बरोबर तिथेच थांबते. मला वाटायचं तिला दम लागतो.

सळ्या ढिल्या झाल्या, वायसर गेला झिजून
नवा मी बसवला, ये आता धावून.

दुसऱ्यांदा हे कडवं आलं तेव्हा काहीतरी बदललं. दांडा जड व्हायला लागला. खालून पाणी पाइपात चढत होतं आणि प्रत्येक खेपेला मी त्याचं वाढत जाणारं वजन उचलत होते. हे मी फळ्यावर आकृती काढून अनेकदा शिकवलं आहे. खांद्यात मात्र पहिल्यांदा आलं. हात मंदावले. भैयाजी चाल पळवायला बघत होते, पण दांडाच पळू देईना. झेलणाऱ्यांचे शब्द लांबायला लागले, ताणायला लागले, आणि एका खेपेला भैयाजींचा श्वास तोकडा पडला, तिथे रूपरावजींनी ओळ उचलली. त्यांच्या त्या जाड, ओढलेल्या आवाजात. कुठेही सांधा दिसला नाही. तेच गाणं होतं, फक्त आता त्यात पाणी होतं.

"आता समजलं?" शकुबाई म्हणाल्या. "कोरडं असते तवा धावाचं. पाणी लागलं का दमानं."

भैयाजी धापा टाकत हसत होते. "आमच्या टेकडीले पाणी येईपर्यंत जीव जाये बाप्पा! अन् आलं का गाणं कोण म्हणते? भांडणंच सुरू होत. मंग मले अर्धीच चाल ठावं असन, नाई तर काय?"

"अन् आमच्या इकडं दोन-चार हात मारले का लागलंच पाणी," रूपरावजी म्हणाले. "वरात कवाच निंगाली नाई आमची."

म्हणजे दोन्ही मापं बरोबर होती. गाण्याचा कोणता भाग कोणत्या गावात टिकला ते तिथलं पाणी किती खोल आहे त्यावर ठरलं होतं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण दांडा सोडता येत नव्हता.

नळाला खोकला आला, लालसर पाण्याची एक गुळणी पडली आणि मग धार लागली. रूपरावजी 'नका करू घाई'वर आले आणि त्यांनी शकुबाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. शकुबाईंचा आवाज पातळ होता, जरा थरथरणारा.

तानबा म्हणे बायांनो, नका करू घाई
पहिली घागर तिची, जिचा नंबर नाई.

 

"आमचं पोड, आमची कोलामांची वस्ती, गावाच्या बाजूले," शकुबाई म्हणाल्या. त्या कोणा एकाला उद्देशून बोलत नव्हत्या. "हापशी गावात. गावच्या बायांचं भरून झालं का आमी. नंबर लागतच नव्हता आमचा, तिथं जाऊन फक्त उभं राहाचं. मिस्त्री आला त्या दिवशी पाणी आलं, अन् हे ओळ म्हणून त्यानं धार बंद करू देली नाई, कोणाले घागर लावू देली नाई. म्हणे, मागं कोण उभी हाय? मीच होती. नवीन लग्न होऊन आलेली. घागर लावाले मी एवढी भेली का हातातून पडून पोचा आला तिले." त्या हसल्या. "मंग दुरुस्तीले आला का दर खेपेले हेच. पुढं पुढं त्या बायाच म्हणत, ये व शकू, लाव. नाई तर हा बुवा हापशी पुन्हा खोलून ठेवन."

मी दांडा मारतच होते.  बाबांबद्दल आजवर मी जे ऐकलं होतं ते सगळं आईकडून किंवा नातेवाइकांकडून. ज्यांचं त्यांच्याशी काहीच नातं नव्हतं अशा कोणीतरी त्यांची आठवण एवढी वर्षं सांभाळली होती, आणि तीसुद्धा जागच्या जागी दम घेऊन.

आदेशने किटलीचं झाकण धारेखाली धरलं. "आता हे पहिलं पाणी कोणाले द्याचं?"

"विचारतं काय बे?" रूपरावजी म्हणाले. "तीन दिवस गोलात बसून जिचा नंबर लागला नाई तिले."

झाकण माझ्यापुढे आलं. दांडा भैयाजींनी घेतला. पाण्याला लोखंडाची चव होती आणि ते जानेवारीतही कोमट होतं, खोल पाणी असतं तसं. मी ते सगळं प्यायले. मग शकुबाईंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून वर ओढलं आणि ओंजळ भरून तुरीच्या शेंगा दिल्या. "आईले नेजो," म्हणाल्या. "अन् तिले सांगजो, शकूच्या घागरीचा पोचा अजून तसाच हाय."

फोन सतरंजीवर राहिला होता. मी काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा जीप सुटायची वेळ झाली होती, पण भैयाजी थांबले. सगळ्यांनी मिळून आणखी दोनदा म्हटलं, आणि तेही रेकॉर्ड करायला नाही. "फोनात नको ठेवू," रूपरावजींनी दटावलं, "फोन हरपते. तोंडात ठेव." देवळी ते वर्धा मी एसटीत गुडघ्यावर थाप देत बसले होते, आधी भराभर, मग सावकाश. शेजारच्या बाईने एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या पिशवीकडे पाहिलं आणि पिशवी जवळ घेतली.

घरी आले तेव्हा आई पोळ्या करत होती. मी शेंगा ओट्यावर ठेवल्या आणि चप्पल काढायच्या आत गाणं म्हणून दाखवलं. पहिल्या ओळीपासून, हलक्या दांड्यापासून जड दांड्यापर्यंत, शेवटच्या ओळीसकट.

तव्यावरची पोळी जळली. आईने ती उतरवली आणि गॅस बंद केला.

"जिचा नंबर नाई," ती म्हणाली. "म्हणूनच घरी म्हणत नव्हते ते. घरी सगळ्यांचाच नंबर असते."

मी तिला शकुबाईंचं सांगितलं, घागरीच्या पोच्याचं सांगितलं, भैयाजींच्या वरातीचं आणि रूपरावजींच्या भजनाचंही. ती शेंगा सोलत ऐकत होती. मग मी विचारलं, "चाल कशी आहे? ओळखली?"

"ओळखायचं काय त्यात?" आई म्हणाली. "असंच तर म्हणते मी."

आणि तिने म्हणून दाखवलं. तीच आरतीची, पाळण्याची सपाट चाल. एकही सूर जागेवर नव्हता. प्रत्येक 'वर'नंतर तिने दम घेतला, जिथे दांडा खाली जातो बरोबर तिथे, आणि दुसऱ्या ओळीपासून मी झेलायला लागले.